तुझे आठ वॅट, माझे साठ

तातू, तू गेलास त्याला आज सत्तावीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर जळतोच आहे. माणूस गेला की मागचं सगळं धुऊन निघतं, असं लोक म्हणतात. माझं काही निघालं नाही. तुझ्या बाराव्याला पंगतीत बसलो होतो. समोर आमचे नाना भातात बोटं घालून नुसते बसले होते, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? उद्या मी, पोटचा मुलगा, गेलो तर हा म्हातारा असाच भातासमोर बसून राहील, की आमटी वाढा म्हणेल? हे असलं मन घेऊन तुला लिहितोय. तुला ते नवीन नाही, म्हणून तुलाच लिहितोय.

जन्मभर तुला मेल्या म्हणून हाक मारली. आता तो शब्द ओठापर्यंत येतो आणि मी तो गिळतो. बायको म्हणाली, परवा मागच्या दारी उभे राहून एकटेच काय पुटपुटत होतात? काय सांगणार तिला. तुझ्याशी भांडत होतो. भांडण अर्धवट टाकून गेलास आणि शेवटचा शब्द तुझाच राहिला, हे मला सहन होत नाही.

दोन घरं, मध्ये कुंपणाला चिऱ्यांचा गडगा. नववीपर्यंत एका बाकावर. मग तू शाळा सोडलीस आणि मालवणच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाळकाम शिकायला बसलास. मी शिकत राहिलो, पदार्थविज्ञानाचा मास्तर झालो आणि तू मला नावाने हाक मारणं बंद करून 'मास्तर' म्हणायला लागलास. वाडीत सगळ्यांना वाटायचं तू मान देतोयस. मला एकट्याला ठाऊक होतं की त्यात चिमटा आहे. कुठल्याही रेडिओला कान लावून आत काय बिघडलंय ते तू सांगायचास, आणि मी आकृती काढून तेच अर्ध्या तासाने सिद्ध करायचो. तेव्हापासूनची आहे ही आग. उगाच तुझ्या त्या यंत्रापासून सुरू झाली असं म्हणण्यात अर्थ नाही.

पण भडकली ती खारेपाटणला. तिथला तंबूतला सिनेमा कायमचा बंद झाला आणि सामान विकायला काढलंय असं तुला कळलं. आपण दोघे पहाटेची एसटी पकडून गेलो. पडद्याच्या दोन बाजूंना उभे असायचे ते स्पीकरचे दोन खोके धुळीत पडले होते. खांद्याएवढे उंच, वर लाकडी कर्णा, खाली भाकरीच्या तव्याहून मोठा कागदी कोन. त्यांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर केव्हाच मेला होता आणि तसले व्हॉल्व्ह आता मिळायचे नाहीत, असं तू मान हलवून सांगितलंस. मग खिशातून आपला हातात मावेल एवढा ट्रान्झिस्टर रेडिओ काढलास, त्याच्या स्पीकरच्या वायरी सोडवून एका खोक्याला जोडल्यास आणि बटण फिरवलंस.

रेडिओवर आंब्यावरच्या तुडतुड्यांबद्दल कोणीतरी बोलत होतं. तो गृहस्थ तंबूत आपल्या शेजारी येऊन उभा राहिला. बाहेर खाडीवर होडी ओढणारी माणसं वळून बघायला लागली. दोन पेन्सिल सेल, अर्धा वॅटसुद्धा नसेल, आणि अख्खा तंबू भरला. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. दोघांनी तेच ऐकलं होतं. तुला वाटलं, अर्ध्या वॅटात एवढं होतंय तर जास्त हवंय कशाला. मला वाटलं, अर्ध्या वॅटात एवढं होतंय तर साठ वॅटात काय होईल. तिथूनच आपलं बिनसलं.

परतताना टेम्पोच्या हौद्यात आपण दोघे एकेका खोक्याला पाठ टेकून बसलो होतो, आठवतं? कणकवलीपर्यंत तू कर्ण्यात तोंड घालून गात होतास आणि मी हसून हसून बेजार झालो होतो. तेवढा प्रवास मात्र मला कुणी परत दिला तर मी माझे साठच्या साठ वॅट देऊन टाकीन.

हे खोके आपण कशासाठी घेतले होते, ते सांगायला हवं. शौकासाठी नाही. नानांसाठी. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, नाना उभे राहिले की समोरचा बुवा पेटीवरची बोटं आवरून ऐकत बसायचा, असा त्यांचा गळा. मुंबईला घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या गळ्यातून पुढे फक्त कुजबुज येऊ लागली. शेजारी बसून कान दिला तरच कळणार, अशी. ऑपरेशनच्या महिनाभर आधी तू धामापूरच्या देवळात त्यांचं भजन टेप करून ठेवलं होतंस. तेही तूच. मुलगा मी, आणि सुचलं तुला. नानांना ती टेप ऐकायची असायची, पण तुझ्या दुकानातल्या टेपरेकॉर्डरवर त्यांचा गळा डब्यात कोंडल्यासारखा वाटायचा. म्हणून मोठे खोके.

आता खोक्यांना ट्रान्झिस्टरचा कुठला ॲम्प्लिफायर लावायचा, यावर आपण तीन आठवडे गडग्यावर कोपरं टेकून वाद घातला. माझा मेहुणा मुंबईत. त्याने साठ वॅटचा एक बघून ठेवला होता. पुढून चकचकीत, निळा दिवा, आवाजाबरोबर नाचणारे दोन काटे. तू म्हणालास, मी घरी बनवतो, आठ वॅटचा पुरे. मी हसलो. मी म्हटलं, तातू, आठ वॅटात मांजराची म्यांवसुद्धा नीट येणार नाही. तुला राग येत नसे, हीच तर पंचाईत होती. तू विडी विझवलीस आणि म्हणालास,

"मास्तर, घरात आपणाक एकच वॅट लागता. पयलो. तो तेवढो बरो होयो. बाकीचे एकुणसाठ काय करतले? बसान ऱ्हवतले आणि फुसफुसतले."

हे खरं होतं. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं. इतक्या थोडक्यात एवढा आवाज देणारा स्पीकर असला की ॲम्प्लिफायरची ताकद बघायची नसते, त्याची शांतता बघायची असते, कारण गाण्याबरोबर तो ॲम्प्लिफायरचा खोकलासुद्धा मोठा करून ऐकवतो. फळ्यावर मी हे मुलांना समजावून दिलं असतं. पण तू म्हणालास ना. नववीत शाळा सोडलेल्याने म्हटलं, म्हणून मला ते पटवून घ्यायचं नव्हतं.

मग मी जे केलं ते आपल्याकडचाच माणूस करील. देवळात जाऊन कौल लावला. पदार्थविज्ञानाचा मास्तर, नारळ घेऊन देवीसमोर उभा. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. त्याला ॲम्प्लिफायर म्हणजे काय ते सांगता सांगता मी थकलो, तेव्हा त्याने आपलं सरळ करून टाकलं. "बाय माझे, हेच्या मनात जां काय आवाजाचां यंत्र आसा, तां हाडूचा काय नको, तां सांग." पाकळी उजवीकडची पडली. म्हणजे होय, आणायचं. मी त्याच पावली टपालात जाऊन मेहुण्याला तार केली.

तुला सांगायला आलो तेव्हा मी जिंकल्यासारखा आलो होतो. आता देवीनेच सांगितलं म्हटल्यावर तू काय बोलणार? तू बराच वेळ गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिलास.

"देवीन तुझ्या मनातलां तुका दिल्यान," तू म्हणालास. "नानांच्या मनातलां खंय इचारलंस?"

मी चिडलो. नानांना वॅट काय आणि व्होल्ट काय, त्यांना काय विचारायचं, असं काहीबाही बोललो. आणखीही बोललो. झाळकाम करणाऱ्याने हिशेब शिकवू नये असंही म्हणालो, ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तू दोन माणसं बोलावलीस, एक खोका उचललास आणि गडग्याच्या वाटेने तुझ्या घरी घेऊन गेलास. एका पडद्याचे दोन खोके दोन घरांत गेले. धामापूरच्या टेपची एक प्रत मात्र तू दुसऱ्या दिवशी आठवणीने आणून दिलीस.

माझा साठ वॅटचा आला एसटीच्या टपावरून. वाडी बघायला जमली. निळा दिवा लागला आणि सगळ्यांनी आ वासला. मी टेप लावायच्या आधीच खोक्यातून आवाज यायला लागला. सूंऽऽ असा, आणि त्याच्या खाली एक घरघर. आवाजाचं बटण केसाएवढं फिरवलं की नाना माजघरात, आणखी केसाएवढं फिरवलं की नाना रस्त्यावर. मधलं काही नाहीच. आणि ते काटे. ज्यांच्यासाठी मी जीव टाकला होता ते काटे शून्यावरून हललेच नाहीत, कारण घरात ऐकायचं म्हटलं तर त्या यंत्राला एक वॅटसुद्धा खर्चावा लागत नव्हता. ते नाचवायचे म्हणजे कौलं उडाली असती.

नाना खुर्चीत बसून ऐकत होते. बाजू संपली तसे ते काहीतरी बोलले. यंत्र चालूच होतं, सूंऽऽ करत. मला ऐकू आलं नाही. मी ओरडून विचारलं, काय म्हणताय? त्यांनी हाताने यंत्र बंद कर अशी खूण केली. बंद केल्यावर कळलं.

"तुझ्या खोक्यात पावस पडता रे."

मी म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांची खुर्ची रिकामी होती. काठी घेऊन ते गडग्याच्या वाटेने तुझ्याकडे गेले होते, आणि पुढची चार वर्षं रोज संध्याकाळी जात राहिले.

चार वर्षं, तातू. माझा बाप. दिवे लागायच्या वेळी मी शाळेतून येऊन पडवीत बसायचो आणि गडग्यापलीकडून त्याच्या तरुणपणाचा आवाज यायचा. मी काय करायचो? मी माझा लावायचो. तीच टेप, तोच अभंग, दोन पावलं पुढेमागे. वाडीतली माणसं म्हणायला लागली, मास्तराची आणि तातूची डबलबारी लागली. तुझा आवाज कधी वाढला नाही. मीच वाढवत गेलो. एकदा इतका वाढवला की काटे खरंच हलले, आणि बायको पोळपाट घेऊन बाहेर आली. मी बंद केलं. पलीकडे नाना शांतपणे गात होते.

तुला माहीत असलेली एक गोष्ट मी आज कबूल करतो. तू घरी बनवलेलं ते आठ वॅटचं यंत्र भयंकर तापायचं. त्यावर हात ठेववत नसे, पण तुझं मांजर त्याच्या कडेला टेकून झोपायचं. मी नानांना सांगितलं, ते एक दिवस पेट घेईल. नाना हसले. मग मी दुसरं सांगितलं. सुमनवयनीला तुमच्या रोजच्या चहाचा त्रास होतो, ती बोलून दाखवत नाही, असं सांगितलं. धादांत खोटं. तुझी बायको दारात उभी राहून त्यांची वाट बघायची, हे मला दिसत होतं. नाना त्या दिवसापासून आठ दिवस घरात बसले. पडवीत, माझ्याशेजारी. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. ते गडग्याकडे बघत बसायचे आणि मी त्यांच्याकडे. नवव्या दिवशी तू गडग्यापाशी आलास. माझ्या तोंडाकडे बघितलंस. तुला सगळं कळलं होतं, वयनी तुझ्यामागे डोळे पुसत उभी होती. मी भांडणाच्या तयारीत उठलो.

तू फक्त म्हणालास, "नानांक धाड."

शिव्या घातल्या असत्यास तर मी तुला माफ केलं असतं. तू शिव्या घातल्या नाहीस, त्याचा राग मी आणखी वर्षभर पुरवून खाल्ला.

आणि मी ऐकलं होतं, तातू. एकदा नाही, कितीदा. मागच्या बाजूला, जिथे तुझी खिडकी गडग्याला जवळ पडते, तिथे आमच्या चार सुपाऱ्या आहेत. हातात कळशी घेऊन मी त्यांना पाणी घालायला जायचो. पहिल्यांदा गेलो तो श्रावण होता, पावसाने उघडीप दिली होती. खिडकीतून नानांचा आवाज आला आणि मी कळशी खाली ठेवली. गायच्या आधी ते श्वास घ्यायचे, तो श्वास ऐकू आला. पेटीच्या भात्याची फरफर ऐकू आली. माझ्या लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून झोपायचो तेव्हा अभंगाच्या दोन चरणांमध्ये ते हलकेच घसा साफ करायचे. तो आवाज माझ्याकडच्या टेपवरही होताच, पण माझ्या खोक्यातल्या पावसात तो वाहून जात होता. इथे तो होता. मी गडग्याला हात लावून उभा राहिलो आणि माझं तोंड कडू झालं. आनंद का नाही झाला? बापाचा गळा परत मिळाला होता. पण तो तू मिळवला होतास. मला तो मीच मिळवलेला हवा होता, नाहीतर नको होता. एवढा मी हलका माणूस आहे.

टेप संपल्यावर नाना तुझ्याशी बोलत होते, तेही ऐकू यायचं. शब्द नाही, पण बोलताहेत एवढं कळायचं. काहीतरी सांगायचे, तू विचारायचास, ते पुन्हा सांगायचे. माझ्याशी ते दिवसाला चार वाक्यं बोलत. तुझ्याशी इतकं काय बोलतात, हा किडा मला चार वर्षं पोखरत राहिला. मला वाटायचं माझ्याबद्दल बोलत असतील.

मग तुझी कावीळ आली. आधी गावठी औषध, मग डॉक्टर, मग कुडाळ आणि परत घर. मी भेटायला आलो तेव्हा तू खाटेवर होतास, डोळे हळदीसारखे. खोका कोपऱ्यात उभा, यंत्र थंड. इकडचं तिकडचं झालं. मी उठणार तेवढ्यात तू विचारलंस, आपल्या त्या सरळ आवाजात, की मास्तर, माझा खोका तू कधी ऐकलास की नाही?

इतकी वर्षं तू विचारलं नव्हतंस. मला फक्त होय म्हणायचं होतं. ऐकला, बरा आहे. दोन शब्द. मी म्हटलं, "वेळ खंय मेळता."

तू हसलास. हसताना तुला दुखत होतं, तरी हसलास. "पावसात सुपारेक पाणी घालणारो मास्तर मी एकच बघलंय," तू म्हणालास आणि कुशीवर वळलास.

हा तुझा शेवटचा शब्द. म्हणजे तुला ठाऊक होतं. चार वर्षं तू खिडकीतून मला कळशी घेऊन उभा असलेला बघत होतास आणि एकदाही हाक मारली नाहीस. मी घरी येऊन बायकोवर ओरडलो. पाच दिवसांनी तू गेलास.

बाराव्यानंतर वयनीने मला बोलावून घेतलं. नेहमीसारखी खाली बघून बोलली. म्हणाली, ह्यांनी सांगून ठेवलंय, खोका मास्तराचा मास्तराला द्यायचा. मी म्हटलं, बरं, माणसं घेऊन येतो. तेव्हा ती म्हणाली, थांबा, पुरतं ऐका. आणि तुझे शब्द तुझ्याच सुरात म्हणून दाखवले: "खोको दिलंस तर यंत्रासकट दी. एकटो खोको देव नको." मला तिथेच तुझी मान पकडावीशी वाटली. मेलास तरी हट्ट सोडला नाहीस.

मग तिने फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत प्लायच्या तुकड्यांवर बसवलेली चार सर्किटं होती, झाळ लावलेली, एकाहून एक वेगळी. हे काय, मी विचारलं. ती म्हणाली, हे नानांनी नको म्हटलेले. मला कळेना. तिने एक तुकडा उलटा केला. मागे तुझ्या वाकड्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'नाना: पेटी नाकातसून बोलता.' दुसऱ्यावर: 'नाना: पखवाज बरो, झांजा करपल्यो.' तिसऱ्यावर: 'नाना: गळो बरो आसा, पण माझो नाय.' चौथ्यावर नुसतं: 'नाना: ह्यो नको. परवाचो बरो होतो.'

वयनी सांगत गेली आणि मी उभ्याचा बसलो. तू संध्याकाळी एक भाग बदलायचास, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, आणि नानांना ऐकवायचास. काल बरा होता की आज? गळा पुढे आला की मागे गेला? नाना सांगायचे, तू लिहून ठेवायचास, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलायचास. चार वर्षं हेच चाललं होतं. म्हणजे इतकं बोलत होतात ते हे. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्या माणसाचा गळा गेला, ज्याला सगळी वाडी हातवाऱ्यांनी 'जेवलात का' एवढंच विचारायची, त्याला तू रोज विचारत होतास की बुवा, कसा लागलाय सूर. मी त्याच्यासाठी यंत्र आणलं. तू त्याला परीक्षक म्हणून बसवलंस. तो तुझ्याकडे गाणं ऐकायला जात नव्हता रे. कामावर जात होता.

शेवटी वयनीने जे तापतं ते यंत्र माझ्या हातात दिलं. जड आहे. खाली प्लायवर लिहिलं आहे: 'नाना काय बोलाक नाय. चाय थंड झाली.'

हे वाचून मला रडू यायला हवं होतं. आधी आला तो जळफळाटच. हे मला का सुचलं नाही? समोर बसलेला बाप, त्याला एक प्रश्न विचारायचा, त्यासाठी मी नारळ घेऊन देवीपर्यंत गेलो. देवीने बिचारीने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. रडू नंतर आलं, गडग्याच्या वाटेवर, यंत्र दोन्ही हातांत असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते तेव्हा. तुझे उपकार मानायची माझ्या जिभेला सवय नाही, तातू, पण त्या वाटेवर मी मानले. चार वर्षं माझ्या बापाला तू बुवा ठेवलंस.

काल संध्याकाळी दोन्ही खोके पडवीत शेजारी ठेवले. खारेपाटणनंतर पहिल्यांदा. साठ वॅटचा कपाटाखाली सरकवला. तुझं यंत्र जोडलं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मला वाटलं वायर सुटली. कर्ण्याला कान लावला. नुसती शांतता. हाताला मात्र ऊब लागत होती. थोड्या वेळाने तुझं मांजर गडगा ओलांडून आलं आणि यंत्राच्या कडेला अंग टाकून झोपलं, तेव्हा मला खात्री पटली की चालू आहे.

नाना खुर्चीत होते. मी टेप लावली. श्वास आला, पेटी आली, गळा आला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बाजू संपली, टेप खट्ट करून थांबली आणि दोन्ही खोके गप्प झाले. मी यंत्र बंद केलं नाही. घसा साफ केला आणि चार वर्षं उशिरा, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं, "नाना, कसो वाटता?"

 त्यांनी उलट मलाच विचारलं, तुला कसा वाटतो?

मी म्हटलं, "बरो आसा. तातूचोच बरो."

नाना पुढे वाकले. आवाज तोच, कुजबुजता.

"मगे तेका सांगलंस कित्याक नाय?"

यंत्र चालू होतं, तातू. तरी एकूण एक शब्द मला लख्ख ऐकू आला. माझ्या साठ वॅटांपुढे मी म्हणू शकलो असतो, काय म्हणताय, ऐकू येत नाही. तेवढीही सोय तू ठेवली नाहीस.